हिवाळ्यातील दुचाकीप्रवास आणि हातांचे रक्षण

हेमंत ऋतूची चर्या सांगताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील 'तस्याशितीय' अध्यायात एक अत्यंत व्यवहार्य सूचना केली आहे. थंडीत यान, शयन व आसन झाकलेले असावे आणि जोराचा वारा टाळावा, असा तिचा आशय आहे. आज आपल्या बहुसंख्य रुग्णांचे यान म्हणजे मोटारसायकल. ती कोणत्याच बाजूने झाकलेली नसते. आणि स्वार वारा टाळीत तर नाहीच, उलट तो स्वतःच वारा निर्माण करीत जातो.

मार्गशीर्षापासून माघापर्यंत दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारे, पहाटेच्या पाळीचे कामगार असे रुग्ण बोटांची सुप्ति, मुंग्या आणि नखांभोवतीच्या चिरा घेऊन चिकित्सालयात येतात. शीत व रूक्ष गुणांनी झालेला वातप्रकोप हे निदान उघड असते आणि आपण तेलाची बाटली देऊन मोकळे होतो. आमच्या हातूनही असेच घडले. एका दूधवाल्या गृहस्थांना आम्ही तीळतेल दिले, पण ते केव्हा लावायचे हे सांगितले नाही. त्यांनी ते पहाटे निघताना तळहातांना चोळले व मोजे घालण्याचे सोडून दिले. वळणावर ब्रेक दाबताना बोटे तरफेवरून निसटली. सुदैवाने किटल्यांवर निभावले. परंतु त्याच सकाळी बधिर हात शेकोटीवर धरल्याने दोन बोटांच्या टोकांना फोड आले आणि ते आम्हास आठ दिवसांनी कळले. गृहस्थ मधुमेही होते. चूक आमची होती.

तेलाचा पातळ थर वारा अडवीत नाही आणि उष्णताही धरून ठेवीत नाही. स्नेहनाने त्वचेचे रौक्ष्य जाते, चिरा भरतात. ते काम रात्रीचे आहे. निजण्यापूर्वी कोमट तीळतेलाने बोटांच्या सांध्यांपर्यंत अभ्यंग करावा आणि सकाळी हात धुऊन, पूर्ण कोरडे करूनच वाहनाला हात लावावा. कापूर किंवा पुदिन्याचे सत्त्व असलेल्या मलमांविषयीही हेच सांगावे लागेल. त्यांनी ऊब येत नाही, केवळ संवेदना बदलते. आणि तोच हात वाटेत डोळ्याला लागला म्हणजे काय होते, हे सांगणे नको.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या उघड्या त्वचेस १० अंश सेल्सिअसची हवा सुमारे ५ ते ६ अंशांइतकी थंड भासते. निफाडसारख्या भागात पारा काही वर्षी मुळातच ५ अंशांखाली उतरतो, तेथील स्वाराची कल्पना करावी. बोटांत मांस अल्प असते. त्यांना हलविणारे बरेचसे स्नायू अग्रबाहूत असतात. त्यामुळे बोटांची ऊब रक्तावरच अवलंबून राहते. छाती व मान गारठली की शरीर प्रथम बोटांचाच रक्तपुरवठा आखडते. म्हणून नुसत्या हातांकडे पाहून भागत नाही. स्वेटराच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुनी युक्ती आम्हास आजही उत्तम वाटते. मफलर बांधावा, पण टोके आत खोचलेली असावीत.

हातमोजे दुपदरी असावेत. आत पातळ लोकरीचा, वर चामड्याचा किंवा रेक्झिनचा. नुसत्या विणलेल्या लोकरीतून वारा आरपार जातो, आणि सुती मोजा घाम धरून बसतो. मोजा घट्ट असल्यास रक्ताभिसरण दबते, फार सैल असल्यास क्लच-ब्रेकचा अंदाज जातो. हँडलला बांधावयाची रेक्झिनची आवरणे स्वस्त व उपयुक्त आहेत. मात्र हात त्यांतून चटकन बाहेर निघतो की नाही, हे वाहन उभे असताना पाहून घ्यावे.

ओला हात हा गार हातापेक्षा वाईट. त्वचेवरील १ ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेते. दाट धुके, अवकाळी पाऊस, दूधवाल्यांच्या बाबतीत मापाचे दूध, यांपैकी कशानेही मोजा भिजला तर तो घालून पुढे जाऊ नये. आतल्या मोज्यांची दुसरी जोडी खिशात असावी. पावसात रेनकोटची बाही मोज्याच्या वरून घ्यावी, अन्यथा बाहीवरून ओघळणारे पाणी थेट मोज्यात उतरते.

बोटे बधिर झाल्यास थांबावे. हात काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात बुडवावेत. शेकोटी, सायलेन्सर, तापलेले इंजिन यांवर बधिर हात कदापि धरू नये, कारण भाजल्याचे कळतच नाही. टपरीवर चहाबरोबर विडी ओढणाऱ्यांना हे आवर्जून सांगावे की, तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या अधिकच आकुंचन पावतात.

प्रत्येक बधिर बोट थंडीचेच असते असे मात्र नाही. बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर रेनॉडचा विचार करावा. अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबली आहे का, हे तपासावे. प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल यांसारखी औषधे चालू आहेत का, हेही विचारावे. त्यांनी हात गार पडतात. बोटाचे टोक काळवंडले असेल किंवा जखम भरत नसेल तर तेल देत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंस एवढीच विनंती, की हिवाळ्यात तेलाची बाटली देताना वेष्टनावर पेनाने 'रात्री लावणे. गाडी चालविण्यापूर्वी हात धुणे' एवढे लिहून द्यावे. आम्ही आता तसेच लिहून देतो.