परदेशीं शिकावयाचें, पण परीक्षा कोणती?

संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या धुळें-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री हें अंबड तालुक्यांतील गांव लागतें. मोसंबीच्या आणि उसाच्या या मुलखांतील एखाद्या एकत्र कुटुंबांत मुलगी दहावीस उत्तम गुण मिळविते, तिला पदवीसाठींच परदेशीं धाडावें अशी चर्चा ओसरीवर निघते, आणि पुण्या-मुंबईचा कोणी आप्त सांगून जातो कीं, बोर्डाची बारावी तिकडे कोणी विचारीत नाहीं, तिला आंतरराष्ट्रीय परीक्षेसच बसवा. सल्ला फुकट मिळतो. तो अमलांत आणावयाचा तर प्रसंगीं जमिनीचा तुकडा विकावा लागतो. म्हणून या परीक्षांचें खरें स्वरूप घरांतील वडील मंडळींनीं आधीं समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे चालणाऱ्या अशा परीक्षांत दोन प्रमुख. पहिली केंब्रिजची. १८५८ सालीं त्या विद्यापीठानें शाळांसाठीं परीक्षामंडळ स्थापिलें. त्याच परंपरेंतील आय.जी.सी.एस.ई. ही परीक्षा आपल्या दहावीच्या तोडीची व ए लेव्हल ही बारावीच्या तोडीची. दुसरी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आय.बी. हिची संस्था १९६८ सालीं जिनीव्हा येथें निघाली. आय.बी.च्या डिप्लोमांत सहा विषय, प्रत्येकास सात गुण. त्याखेरीज चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र प्रबंध आणि ज्ञानमीमांसेचा अभ्यास यांचे मिळून तीन, असे एकंदर पंचेचाळीस गुण. शिवाय कला, व्यायाम व समाजसेवा यांत भाग घेतल्यावांचून डिप्लोमा मिळत नाहीं. पाठांतरावर ज्यांचा सारा भर, त्यांस ही परीक्षा जड जाते, आणि जावी हें योग्यच.

आतां त्या आप्ताच्या विधानाकडे वळूं. तें अर्धेंच खरें आहे. अमेरिकेंतील विद्यापीठें नववीपासून बारावीपर्यंतचीं गुणपत्रकें पाहतात; मंडळ कोणतें यावरून अर्ज फेटाळीत नाहींत. सोळाशें गुणांची सॅट ही परीक्षा कित्येक ठिकाणीं ऐच्छिक आहे, एम.आय.टी.नें मात्र २०२२ सालीं ती पुन्हां सक्तीची केली. ब्रिटनमध्यें विद्यापीठागणिक नियम निराळा. कोठें राज्य मंडळाच्या मुलांकडून केंद्रीय मंडळाच्या मुलांहून अधिक टक्के मागतात, तर कोठें आधीं एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम करावयास लावितात. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाहीं. परंतु तेथें नुसती भारतीय बारावी थेट प्रवेशास पुरत नाहीं. जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावें, अथवा येथील मान्य विद्यापीठांत पदवीचें एक वर्ष यशस्वीपणें पुरें करावें, तेव्हां त्या विषयाशीं संबद्ध अभ्यासक्रमाचें दार उघडतें. एक वर्ष जालन्यास किंवा संभाजीनगरास काढणें हें महागड्या शाळेच्या दोन वर्षांपेक्षां किती स्वस्त, याचा हिशेब आमच्या गृहिणी आम्हांहून चांगला करतील.

गांवीं राहून या परीक्षा देतां येतील काय? आय.बी. नाहीं, तिला मान्यताप्राप्त शाळेंतच शिकावें लागतें. केंब्रिजची परीक्षा खाजगी रीतीनें देण्याची मुभा आहे, मात्र नोंदलेल्या केंद्रानें तसा उमेदवार घेतला पाहिजे. खरी अडचण विज्ञानाची. ए लेव्हलच्या पदार्थविज्ञान-रसायनांत प्रयोगशाळेंतील परीक्षा चुकत नाहीं, आणि वर्षभर प्रयोग केल्यावांचून तेथें उभें राहणें म्हणजे पाण्यांत न उतरतां पोहण्याची पैज लावणें होय. गणित वा अर्थशास्त्र यांस हा अडसर नाहीं.

आणखी एक गोष्ट घरोघर विसरली जाते. मुलगी शेवटीं गेलीच नाहीं तर? व्हिसा नाकारला, रुपया घसरला, आजोबा आजारी पडले. कांहींही होऊं शकतें. भारतीय विद्यापीठ संघ या परदेशी परीक्षांस बारावीची समकक्षता देतो, परंतु विषय जपून निवडले असले तरच तिचा उपयोग. वैद्यकीकडे वळावयाचें झालें तर पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे सारे हवेत. सहा विषयांच्या मोकळ्या निवडींत यांपैकीं एखादा गळला, कीं मागचें दारही बंद.

परक्या परीक्षेचें ओझें मराठवाड्यास नवें नाहीं. निजामी अमलांत, १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें, आणि घरीं मराठी बोलणारीं मुलें त्या भाषेंत उत्तरें लिहीत. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुण्यास फर्ग्युसनांत पदवीधर झाले, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले व १८९९ सालीं सीनिअर रँग्लर झाले. डॉ. आंबेडकर १९१२ सालीं मुंबईची बी. ए. झाल्यावरच, बडोद्याच्या साहाय्यानें, १९१३ सालीं कोलंबियास गेले. म्हणजे पदवी इकडे आणि पुढचें शिक्षण तिकडे ही वाट जुनी व भरवशाची आहे. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्याही मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. यांसाठींच आहेत. सोळाव्या वर्षीं घाई करणाऱ्या पालकांनीं हें लक्षांत घेतलेलें बरें.

तरीही एखाद्या मुलीची बुद्धि खरोखर त्या परीक्षेच्या जातीची असेल, प्रश्न विचारणारी, वाद घालणारी असेल, तर तिला अडवूं नये. पैशाची अडचण असल्यास पुण्याजवळ पौडच्या बाजूस १९९७ सालीं निघालेलें महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज पाहावें. तेथें आय.बी. शिकवितात, देशोदेशींचीं मुलें एकत्र राहतात, आणि कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणें शिष्यवृत्ति मिळूं शकते. निवड प्रवेशाच्या कितीतरी महिने आधीं सुरू होते. म्हणून दहावीचा निकाल लागल्यावर नव्हे, तर दहावीचें वर्ष चालू असतांनाच चौकशी करावी.

आय.बी.च्या नियमांत आम्हांस विशेष आवडलेलें एक कलम येथें नोंदवितों. शाळेंत मातृभाषेचा शिक्षक नसला तरी, त्या भाषेंत पुरेसें लिखित साहित्य असल्यास, शाळेच्या देखरेखीखालीं स्वाध्यायानें तिचें साहित्य विषय म्हणून घेतां येतें. जिनीव्हाची परीक्षा देणाऱ्या मुलीस मराठी घेण्याची ही मुभा. आणि तिच्यासाठीं शाळा शोधतांना येथील किती घरांत मराठी हा विषय प्रथम गाळला जातो!