नारूच्या मागे लागलेला राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर मार्च 1988 मध्ये घानातल्या डेंचिरा या खेड्यात गेले होते. गर्दीत एक तरुणी उभी दिसली. तिच्या हातात तान्हं बाळ आहे असं वाटून ते चौकशी करायला जवळ गेले. बाळ नव्हतंच. नारूमुळे प्रचंड सुजलेला स्वतःचा स्तन तिने हाताने सावरून धरला होता आणि त्यातून जंत बाहेर येत होता. कार्टर हा प्रसंग पुढे अनेकदा सांगत.

नारू हे नाव महाराष्ट्रातल्या वयस्कर माणसांना नवं नाही. पायऱ्या उतरून ज्या विहिरीत पाय बुडवत पाणी भरलं जाई, तिथे तो हमखास असे. पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. पाण्याबरोबर सायक्लॉप्स पोटात गेला की तो मरतो, अळ्या मात्र आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. पुढे मादी वर्षभर वाढत राहते आणि मीटरभर लांब होऊ शकते. मग बहुधा पायावर फोड येतो. त्याची आग इतकी असह्य असते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि मादी नेमकी त्याच क्षणी लाखो अळ्या पाण्यात सोडते. जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा, त्यात कित्येक आठवडे जातात. तोवर शेत पडून राहतं आणि मुलांची शाळा बुडते.

या आजारावर औषध नाही, लस नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. करण्यासारखं एवढंच: पाणी कापडातून गाळून प्यायचं, नारू झालेल्याने पाणवठ्यात उतरायचं नाही आणि पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकायचं. म्हणजे माणसांना पटवणं हाच मुख्य उपचार. प्रसिद्ध माणसाचा उपयोग कुठे होतो, हे मला नारूच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसतं.

कार्टर सेंटरने 1986 मध्ये ही मोहीम हाती घेतली, तेव्हा आफ्रिका आणि आशियातल्या 21 देशांत वर्षाला सुमारे 35 लाख लोकांना नारू होत होता. शास्त्रीय बाजू देवीच्या निर्मूलनात काम केलेल्या डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स यांनी सांभाळली. कार्टर यांनी दारं उघडली. आरोग्यमंत्र्यांना महिनोन्महिने न मिळणारी राष्ट्रप्रमुखाची भेट त्यांना एका फोनवर मिळे. ड्यूपॉन्ट कंपनीत मोठा हिस्सा असलेले एडगर ब्रॉन्फमन यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला आणि लवकर न कुजणारं नायलॉनचं गाळणीचं कापड तयार होऊन मोफत मिळालं. 1995 मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रं खाली ठेवायला राजी केलं. जवळपास सहा महिने टिकलेल्या त्या युद्धविरामात आरोग्य कर्मचारी एरवी पोचता न येणाऱ्या गावांत गेले. मालीत अमादू तुमानी तुरे, नायजेरियात जनरल याकुबू गोवोन हे माजी राष्ट्रप्रमुखही या कामात उतरले. काही गावांत तळं पवित्र मानलं जाई, त्यात औषध टाकू देत नसत. तिथे परक्या तज्ज्ञापेक्षा गोवोन यांच्यासारख्या आपल्या माणसाचा शब्द चाले.

भारताने मात्र हे काम मुख्यतः स्वतःच्या बळावर पार पाडलं. 1984 मध्ये आपल्याकडे सुमारे 40 हजार रुग्ण होते, महाराष्ट्रातही होते. घरोघर शोध, पायविहिरींत बदल, हातपंप, गाळणी यांच्या जोरावर 1996 मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. ते श्रेय गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांचं आहे.

शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, अशी इच्छा कार्टर यांनी 2015 मध्ये कर्करोगाचं निदान झाल्यावर बोलून दाखवली होती. 29 डिसेंबर 2024 रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते गेले. त्या वर्षी जगात नारूचे 15 रुग्ण सापडले. चाडमध्ये कुत्र्यांनाही नारू होतो, त्यामुळे निर्मूलनाची ही शेवटची वाट फार बिकट झाली आहे.

नारूचा समावेश असलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत आज 21 आजार वा आजारांचे गट आहेत. त्यातला हत्तीरोग आपल्या विदर्भात अजून आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर भागांत घरोघर गोळ्या दिल्या जातात आणि पुष्कळ लोक त्या घेऊन फळीवर ठेवून देतात. मला काहीच झालेलं नाही, मग गोळी कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. पण हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं रक्तात असताना माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो आणि त्याला चावलेला डास रोग पुढे नेतो. इथे ओळखीच्या चेहऱ्याने जाहिरातीत हात जोडून भागणार नाही. त्याने गावच्या चौकात सगळ्यांसमोर स्वतः गोळ्या गिळाव्यात, आणि प्रौढ जंत शरीरात अनेक वर्षं जगतो म्हणून मोहिमेच्या पुढच्या फेरीलाही त्याच चौकात यावं.