विश्लेषण : कात्रजला वाघ लगेच का दिसत नाही?

पेशवे उद्यानातल्या पिंजऱ्यांपासून कात्रजच्या खंदकांपर्यंत पुण्याचे प्राणिसंग्रहालय कसे बदलले आणि नेहमी येणाऱ्यांना त्यातले काय खटकते, याविषयी...

बिबवेवाडीतून प्राणी बघायला जायचे तर एकेकाळी दोन दिशा होत्या. उत्तरेला स्वारगेटच्या पुढे सारसबागेजवळचे पेशवे उद्यान आणि दक्षिणेला सातारा रस्त्यावरचे कात्रज. पेशवे उद्यानातले उरलेसुरले प्राणी २००५ मध्ये हलवण्यात आले. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ पासून सुरू आहे. दोन्हींच्या मध्ये वसलेल्या या उपनगरात अशी एक पिढी आहे, जिने लहानपणी वडिलांचे बोट धरून पेशवे पार्क पाहिला, पुढे मुलांना कात्रजला नेले आणि आता नातवंडांना नेत आहे. या पिढीची तक्रार जवळपास ठरलेली असते : ‘पूर्वी प्राणी दिसायचे. आता नुसते चालायचे आणि वाघ मात्र कुठेतरी झाडाखाली पडलेला!’

तक्रार खरी आहे. प्राणी आता दूर असतात, कमी दिसतात आणि पाय दुखेपर्यंत चालावे लागते. मात्र यातले बरेचसे मुद्दाम केलेले आहे. त्याच वेळी गेल्या दोन वर्षांत कात्रजला जे घडले, ते पाहता नेहमी येणाऱ्यांचे काही प्रश्न उडवून लावण्यासारखेही नाहीत.

पेशवे उद्यानात वाघ जवळून का दिसायचा?

पुणे महापालिकेने १९५३ मध्ये पेशवे उद्यान सुरू केले. जागा सुमारे सात एकर. त्यात प्राणी, झाडे, पायवाटा आणि १९५६ पासून धावणारी ‘फुलराणी’. एवढ्या जागेत वाघ ठेवायचा म्हणजे गजांचा पिंजरा आणि सिमेंटची फरशी. बघणाऱ्यांची मात्र चंगळ होती. तासाभरात सगळे संग्रहालय पालथे घालून भेळ खाऊन घरी परतता यायचे.

त्या पिंजऱ्यातला वाघ बहुतेकांच्या आठवणीत ‘सारखा फेऱ्या मारणारा’ असतो. मुलांना तो जिवंत, रुबाबदार वाटायचा. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे मात्र त्याच फेऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतात. एकाच रेषेत, एकाच वळणावर वळत तासन्‌तास चालणे, मान हलवत राहणे, गज चाटणे ही कोंडलेल्या प्राण्याच्या ताणाची लक्षणे मानली जातात. पोट भरलेला, निवांत वाघ दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. त्यामुळे कात्रजला झाडाखाली पडलेला वाघ पाहून आजोबांची निराशा होत असली, तरी दोघांपैकी बरा वाघ तोच म्हणायला हवा.

कात्रजला नेमके काय बदलले?

आधी जागा बदलली. कात्रजच्या आवाराचा पसारा सुमारे १३० एकर आहे आणि त्यातले सुमारे ४२ एकर तलावाने व्यापले आहेत. येथे पहिल्यांदा आले ते साप. १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले आणि त्याला आकार दिला नीलिमकुमार खैरे यांनी. विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहण्याच्या त्यांच्या विक्रमामुळे त्यांचे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले होते. साप दिसला की काठी शोधणाऱ्या पुणेकराला ‘सर्पमित्राला बोलवा’ असे म्हणायची सवय लागली, त्यात या जागेचा वाटा मोठा आहे. प्राणिसंग्रहालय त्यानंतर १३ वर्षांनी आले.

दुसरा बदल गज जाण्याचा. वाघ, सिंह, अस्वल आता मोकळ्या खंदकाच्या पलीकडे असतात. ही पद्धत पुण्याने शोधलेली नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गजांविना, खंदक आणि उतारांच्या आधारे प्राणी दाखवणारे उद्यान उघडले आणि मग जगभर तिचे अनुकरण झाले. प्राण्याच्या बाजूने जमीन खाली उतरत जाते, बघणाऱ्याच्या बाजूला सरळ भिंत असते. खंदकाची रुंदी त्या प्राण्याच्या उडीचा हिशेब करून ठरवतात. अंतर वाढते ते येथेच. शिवाय आत झाडे, झुडपे, पाण्याचे हौद असतात आणि प्राण्याला लोकांच्या नजरेआड जाता येते. त्याला ही मुभा मिळावी, हा त्या रचनेचा हेतूच आहे.

जे दिसत नाही, ते मागच्या बाजूला असते. प्रत्येक मोठ्या प्राण्यासाठी रात्रीच्या निवाऱ्याच्या खोल्या असतात. बहुतेक भारतीय संग्रहालयांत वाघ-सिंहांना संध्याकाळी आत घेऊन तेथेच मांस देतात आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवतात. त्यामुळे ‘वाघाला जेवताना बघायचे’ ही नातवाची फर्माईश पुरी होत नाही.

नियम कोण ठरवते?

संग्रहालय महापालिकेचे असले, तरी नियम दिल्लीहून येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय देशात कोणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पेशवे उद्यानाची जागा या निकषांत बसणे अवघड होते. साप, हरणे, माकडे १९९९ च्या सुमारास आधी गेली. वाघ-बिबट्यांसारखे प्राणी मात्र रेंगाळले आणि प्राधिकरणाने मुदत घालून दिल्यावरच तेथील पिंजरे रिकामे झाले. त्या जागेवर पुढे ऊर्जा उद्यान झाले. फुलराणी तेवढी राहिली.

बुधवारी बंद दरवाजासमोर येऊन चडफडणारे कुटुंब कात्रजला अजूनही दिसते. ती सुट्टीही नियमातलीच आहे : आठवड्यातून किमान एक दिवस संग्रहालय लोकांसाठी बंद ठेवायचे. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर प्राण्यांना शांतता मिळावी आणि दुरुस्ती, साफसफाई, उपचार उरकता यावेत, यासाठी. कोविडकाळात तर येथील दरवाजे दीर्घकाळ बंदच होते.

खाऊ घालण्याचेही तसेच. माकडाला शेंगदाणे, हरणाला पाव देणे हा पेशवे पार्कच्या सहलीचा भाग होता. आता तो कायद्याने गुन्हा आहे. प्राण्याला डिवचणे, आरडाओरडा करून त्रास देणे, कचरा टाकणे हेही त्याच कलमात येते. हरणासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात गेलेली प्लास्टिकची पिशवी बाहेर पडत नाही आणि भूक मारून टाकते. ‘एका पावाने काय होते’ म्हणणाऱ्यांनी रविवारी तेथून किती माणसे जातात, याचाही विचार करावा.

पांढऱ्या वाघाचे आकर्षण अजून का?

कात्रजला गेलेल्या कोणत्याही मुलाला पांढऱ्या वाघाविषयी विचारा, डोळे चमकतात. मात्र या वाघामागची कहाणी फारशी सांगितली जात नाही. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. नेहमीच्या वाघात एका अप्रकट जनुकामुळे येणारा तो रंग आहे आणि तो दिसण्यासाठी आई-वडील दोघांकडूनही ते जनुक मिळावे लागते. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. पुढे त्याचा त्याच्याच मुलीशी, ‘राधा’शी, संकर करून १९५८ मध्ये पांढरे बछडे मिळवले गेले. आज देशातल्या संग्रहालयांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांची मुळे त्याच घराण्यात शोधावी लागतात. जवळच्या नात्यांतल्या अशा पैदाशीतून डोळ्यांचे आणि इतर दोष येतात. जंगलातल्या वाघांच्या संवर्धनाला या रंगाचा उपयोग नाही. गर्दी खेचण्यासाठी मात्र आहे. संग्रहालय संवर्धनासाठी की करमणुकीसाठी, हा वाद कात्रजमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतो तो या खंदकाच्या काठावर.

मग २०२४ आणि २०२५ मध्ये काय घडले?

नेहमी येणाऱ्यांच्या काळजीचे कारण येथून सुरू होते. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या हंपीहून आणलेला एक बिबट्या त्याच्या पिंजऱ्यातून निसटला. संग्रहालय बंद ठेवून शोध सुरू झाला. तो आवाराबाहेर गेला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी रात्री सापडला. कोणालाही इजा झाली नाही. पण आंबेगाव, भारती विद्यापीठ, सुखसागरनगर या दाट वस्तीच्या मधोमध हे आवार आहे, याची जाणीव त्या दोन दिवसांत सगळ्यांनाच झाली. एकेकाळी ‘शहराबाहेर’ म्हणून निवडलेली जागा आता पूर्णपणे शहरात आहे.

खंदक भरवशाचा होता आणि आहे. धोका असतो तो खंदकामागे, लोक कधी पाहत नाहीत त्या भागात : नव्या प्राण्याला वेगळे ठेवण्याचा पिंजरा, दारांच्या कड्या, गजांमधले अंतर. तेथील देखभाल तिकीट काढून येणाऱ्याला तपासता येत नाही. तिच्याबद्दल फक्त विचारता येते.

जुलै २०२५ मध्ये आठवडाभराच्या आत १५ हून अधिक चितळ मेले. तपासणीत कारण निघाले लाळ्या-खुरकूत. शेतकऱ्याला हा रोग नवा नाही. गाई-म्हशींच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळ गळते, जनावर चारा सोडते. दुभंगलेल्या खुरांच्या सगळ्याच प्राण्यांना तो होऊ शकतो, म्हणजे हरणे, सांबर, गवे, नीलगाय हे सगळे त्याच्या टप्प्यात येतात. विषाणू लाळेतून, चाऱ्यातून, पाण्यातून पसरतो. माणसाच्या बुटांवरून, गाडीच्या चाकांवरूनही पोहोचतो. त्याला खंदक अडवत नाही.

गाईला झाला तर तिला बांधून तोंड धुता येते, औषध देता येते. चितळाचे तसे नाही. कळपातल्या एकाला पकडायला गेले की सगळा कळप उधळतो. भीतीने आणि धावपळीने स्नायूंवर असा ताण येतो, की आजार नसलेले जनावरही दगावू शकते. त्यामुळे अशा कळपात उपचारापेक्षा प्रतिबंधच कामाचा. चारा कुठून येतो, तो आणणारी गाडी आत कुठवर जाते, चाऱ्याशी आणि जनावरांशी संबंध येणारे कर्मचारी पाय निर्जंतुक करून आत येतात का, आजूबाजूच्या गोठ्यांतल्या जनावरांना लस दिली आहे का, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर कळपाचे आयुष्य ठरते. एकाच कुंपणात मोठा कळप ठेवला, तर एकाचा रोग सगळ्यांचा व्हायला वेळ लागत नाही.

नेहमी येणाऱ्यांना काय कळते?

वर्षातून एकदा सहलीला आलेल्याला चितळांचा कळप दिसतो. दर महिन्याला येणाऱ्याला तो विरळ झालेला दिसतो. कोणते अस्वल आता दिसत नाही, कोणत्या हौदात पाणी हिरवे झाले आहे, कोणता कोल्हा लंगडतो, हे आधी लक्षात येते ते या लोकांच्या. बिबवेवाडी, धनकवडी, कात्रज भागात असे कितीतरी जण आहेत. पण त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारे फलक तेथे क्वचितच सापडतात. प्राण्याचे नाव, त्याचे खाणे, तो कुठे आढळतो, एवढे असते. हा प्राणी कधी आला, कुठून आला, वय काय, मागच्या वर्षीचा गेला तो कशाने, हे सांगायला फार खर्च येत नाही.

मुंबईच्या भायखळ्यातील राणीच्या बागेत २०१६ मध्ये पेंग्विन आले आणि त्यावरून बराच वाद झाला. महापालिकेने प्राण्यांवर पैसा कुठे आणि कसा खर्च करावा, यावर मुंबईकर उघडपणे भांडले. पुण्यात बिबट्या सुटला किंवा हरणे मेली की चार दिवस चर्चा होते, मग रविवारची रांग पुन्हा पूर्ववत. रांग असावीच. मात्र संग्रहालय ज्यांच्या कराच्या पैशांवर चालते, त्यांना बातमीची वाट न पाहता प्राण्यांची वर्षभराची जन्म-मृत्यूची नोंद प्रवेशद्वारापाशी वाचता आली, तर ‘पूर्वी प्राणी दिसायचे’ या तक्रारीचा सूरही बहुधा बदलेल.

बघायला जायचे तर कधी?

दुपारी बारा ते तीन ही सर्वात वाईट वेळ. ऊन तापले की मांजरकुळातले प्राणी सावलीत आडवे होतात आणि उठत नाहीत. सकाळी दार उघडताच किंवा दिवस कलल्यावर हालचाल जास्त असते, थंडीत ती आणखी वाढते. साप पाहायचे तर उलट : त्यांना ऊन लागते, म्हणून थंडीत सकाळी उशिरा सर्पोद्यानात गेलेले बरे. चालणे होत नसेल, तर बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, पण सुट्टीच्या दिवशी तिच्यासाठीही थांबावे लागते. एकाच फेरीत सगळे उरकण्याऐवजी खंदकाजवळच्या कट्ट्यावर वीस मिनिटे शांत बसून राहिले, की झाडाखालचा वाघ कूस बदलतो, कधी उठून हौदाकडे जातो. बिबवेवाडीहून येणाऱ्यांना घाई असण्याचे तसे कारण नाही, घर जवळच आहे.