आजीचं घर आणि पाव इंचाचा उतार

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या क्युपर्टिनोत साठ-पासष्ट वर्षं जुन्या, तीन बेडरूमच्या साध्या लाकडी घराला वीस लाख डॉलरांहून कितीतरी जास्त मोजावे लागतात. घर पाडून टाकलं तरी हा आकडा फारसा हलत नाही, कारण पैसे मोजले जातात ते मातीचे. १९५५ साली क्युपर्टिनो रीतसर शहर झालं तेव्हा याच मातीत जर्दाळू, प्रून आणि चेरीच्या बागा होत्या. अशा गावात जमिनीसाठी एक डॉलरही न देता नवं घर बांधता येतं, असं कोणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण येतं. जमीन आधीच घेतलेली असते. ती घरामागे पडून असते, तिच्यावर एक लिंबाचं झाड असतं आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन गवत कापून जातं.

कॅलिफोर्नियाने या परसाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली २०१७ पासून, आणि २०२० साली लागू झालेल्या कायद्यांनी तर शहरांचे हातच बांधले. मूळ घराच्या आवारात ८०० चौरस फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीचं, मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून चार फूट सोडून बांधलेलं घर शहराला नाकारता येत नाही. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निकाल द्यावाच लागतो. जाहीर सुनावणी नाही, शेजाऱ्याच्या हरकतीला जागा नाही. सोसायटीच्या एनओसीसाठी चपला झिजवलेल्या पुणेकराला हे वाचून गहिवरून येईल.

बे एरियातल्या मराठी घरांत या कायद्याची चर्चा कशासाठी होते, ते सांगायला नको. पुण्याहून, नागपूरहून आई-बाबा येतात, पाहुण्यांच्या व्हिसावर सहसा सहा महिने राहतात, आणि नातवाच्या खोलीत एका भिंतीला बॅग लावून त्यांचा संसार मांडला जातो. परसात एक छोटं घर असलं तर? छोटं म्हणजे स्वस्त, असा हिशेब मनात लगेच होतो. नेमका तिथेच तो फसतो.

चारशे चौरस फुटांच्या घराला आठशेच्या निम्मा खर्च येत नाही, निम्म्याहून बराच जास्त येतो. का? घरात स्वस्त काय असतं ते पाहा. बेडरूम. चार भिंती, जमीन, खिडकी, दिवा, संपलं. महाग काय? बाथरूम, स्वयंपाकघर, विजेचं पॅनेल, आणि या सगळ्यांना मूळ घराशी जोडणारा जमिनीतला चर. बेडरूम म्हणजे आमटीत वाढवलेलं पाणी. मोठ्या घरात त्या दोन-तीन असतात म्हणून दर चौरस फुटामागे खर्च कमी दिसतो. लहान घरात पाणी घालायला वावच नाही. बाथरूम एकच, पण तेही पूर्ण लागतं. अर्धा कमोड मिळत नाही.

मग बजेट वाचतं कुठे? मला तरी सर्वांत विलक्षण वाटतं ते याचं उत्तर. ते घराच्या आकारात नाही, सांडपाण्याच्या पाइपात आहे.

सांडपाणी पंपाशिवाय आपापलं वाहायचं तर पाइपाला उतार हवा. साधा नियम असा की दर फुटाला पाव इंच. रस्त्याखालची मुख्य लाइन घराच्या पुढे, नवं घर मागे. मधलं अंतर ६० फूट धरलं तर तेवढ्यात पाइप १५ इंच खाली उतरला पाहिजे. आता परस रस्त्यापेक्षा सखल असेल, किंवा जुनी लाइन उथळ टाकलेली असेल, तर ते १५ इंच आणायचे कुठून? एकतर नव्या घराचं जोतं उचला, म्हणजे पायऱ्या आल्या, म्हणजे आजीचे गुडघे आले. नाहीतर पंप बसवा आणि वीज गेली तर काय, याची काळजी करत बसा. देवघर ईशान्येला हवं यावर कुटुंबात वाद रंगलेला असतो, तोवर घर कुठे बसणार ते पाइपाने ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून जाणता आर्किटेक्ट आधी एक भिंत काढतो. तिच्या एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या बाजूला बाथरूम, सगळे नळ आणि सगळे पाइप त्या एकाच भिंतीच्या पोटात. ती भिंत मूळ घराकडे तोंड करून, लाइनला सगळ्यांत जवळ. बाकीचं घर तिच्यामागून उलगडत जातं.

गॅरेजचं घर करणं नव्या बांधकामाहून स्वस्त पडू शकतं. दोन गाड्यांचं गॅरेज साधारण २० बाय २० फूट, म्हणजे ४०० चौरस फूट होतं. पाया आहे, भिंती आहेत, छप्पर आहे, आणि गॅरेज गेलं म्हणून गाडीला दुसरी जागा दाखवा असं शहर म्हणू शकत नाही. खोच एवढीच की गॅरेजची जमीन पाणी बाहेर वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती ओतलेली असते आणि भिंतींत थंडी अडवणारं काही नसतं. जमीन समतल करणं आणि भिंती भरणं, हा खर्च आलाच. ज्या सिलिकॉन व्हॅलीत गॅरेजमधून कंपन्या निघाल्याच्या कथा मुलांना सांगतात, तिथे आता गॅरेजमध्ये आजी-आजोबा राहायला जातात, ही प्रगतीच म्हणायची.

आणखी एक आकडा. ७५० चौरस फुटांच्या आत राहिलात तर शहराचं विकासशुल्क माफ. त्यामुळे ७४९ चौरस फुटांचे आराखडे इथे जागोजागी दिसतात.

आता आतली जागा. खोलीला ३२ इंच रुंदीचं दार घ्या. ते उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ काढतं आणि तेवढ्या जागेत खुर्ची ठेवता येत नाही, कपाट तर नाहीच. ते पाव वर्तुळ भरतं साडेपाच चौरस फूट. बे एरियात बांधकामाला चौरस फुटाला चारशे डॉलर पडणं नवलाचं नाही. म्हणजे एका दाराच्या झोक्याखाली दोन हजार डॉलरांची जागा अडकली! भिंतीत सरकणारं दार बसवलं की ती मोकळी होते. छोट्या घरांच्या फोटोंत दिसणारा तो शिडीवरचा पोटमाळा मात्र विसरा. सत्तरीतल्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं.

उन्हाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. पुण्यात वर्षातून दोनदा माध्यान्हीला सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस साजरा होतो. क्युपर्टिनोत तो कधीच येत नाही. ३७ अंश अक्षांशावर जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७६ अंशांपर्यंत चढतो, डिसेंबरमध्ये जेमतेम २९. दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटांचा छज्जा काढा. जूनमध्ये त्याची सावली भिंतीवर आठ फूट खाली येते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली. डिसेंबरमध्ये तीच सावली फूटभरच उतरते आणि ऊन थेट गादीवर. वीज नाही, यंत्र नाही, हलणारा एकही भाग नाही. दोन फूट लाकूड ऋतू ओळखतं.

क्युपर्टिनोत आराखड्याची अशी हुशारी नवी नाही. शहराच्या पूर्वेला फेअरग्रोव्ह नावाची वस्ती आहे, तिथे जोसेफ आयक्लर या बिल्डरने १९६०च्या सुमारास बांधलेली दोनशेहून अधिक घरं आहेत. रस्त्याकडून पाहिलं तर बसकी, जवळजवळ खिडकीच नसलेली. मागे गेलं की आख्खी भिंत काचेची. आत बसलेल्या माणसाची नजर भिंतीला न अडता कुंपणापर्यंत जाते, आणि मेंदू खोलीचं माप कुंपणापर्यंत धरतो. मध्यमवर्गाला परवडेल अशा घरात चांगले आर्किटेक्ट लावणारा हा माणूस कोणत्याही वंशाच्या गिऱ्हाइकाला घर विकत असे, आणि त्याच मुद्द्यावर त्याने १९५८ साली बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. परसातल्या छोट्या घरालाही त्याची काचेची भिंत शोभते, पण एकच. सॅन अँड्रियास भेग पश्चिमेच्या डोंगरांतून जाते, आणि भूकंपात घर आडवं हलतं तेव्हा त्याला तोलून धरतात त्या प्लायवूड ठोकलेल्या भरीव भिंती. चारही बाजूंना काच म्हणजे फोटोसाठी घर.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर १९०६ सालाकडे जाऊ. सॅन फ्रान्सिस्को हादरलं, जळालं, आणि बेघरांसाठी शहराच्या बागांमध्ये ५,६१० लाकडी खोपटी उभारली गेली. सगळ्यात लहान १० बाय १४ फूट. भिंती रेडवूडच्या, रंग बागेतल्या बाकांचा हिरवा. महिना दोन डॉलर भाडं, आणि ते ५० डॉलर किमतीतून वळतं व्हायचं. नंतर बागा मोकळ्या करायची वेळ आली तेव्हा लोकांनी खोपटी घोड्यांना जुंपून आपापल्या प्लॉटवर नेली आणि दोन-तीन जोडून घर केलं. त्यांतली दोन प्रेसिडिओत जतन करून ठेवली आहेत. इतकी स्वस्त कशी? लहान होती म्हणून तर खरंच, पण लहान खोपट्यात ना नळ होता ना संडास. ते छावणीत सामायिक होते.

हे गणित मुंबईकराला समजावून सांगायला नको. १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात राहण्याजोग्या घराची किमान मर्यादा १५० चौरस फूट आहे, म्हणजे चाळीतल्या खोलीपेक्षा दहा चौरस फूट कमीच. फरक आहे तो पाइपाचा. चार्ल्स कोरिआंनी १९८०च्या दशकात बेलापूरला सिडकोसाठी आर्टिस्ट्स व्हिलेज आखलं, तेव्हा त्यांनाही पाइप सुटला नाही. सात-सात घरं एका अंगणाभोवती, प्रत्येक घर वाढवायला मोकळं, पण संडास मात्र दोन-दोन घरांचे पाठीला पाठ लावून.

आपल्या मराठी घराचा एक खास खर्च राहिला. चारशे चौरस फुटांत ओट्यावर फोडणी दिली की तिचा वास उशीपर्यंत पोचतो. जाळीतून हवा फिरवून पुन्हा खोलीतच सोडणारा पंखा इथे कामाचा नाही. धूर थेट बाहेर काढणारी नळी पहिल्या दिवसापासून आराखड्यात हवी, भिंत बंद झाल्यावर नव्हे.

क्युपर्टिनोत किंवा आसपास आई-बाबांसाठी असं घर मनात असेल, तर पहिला फोन प्लंबरला करा. जुन्या लाइनमध्ये कॅमेरा सोडून ती कुठून जाते, किती खोल आहे, शाबूत आहे का, एवढं आधी कळू द्या. चित्रांची घाई नको. १ जानेवारी २०२५ पासून पूर्वमंजूर आराखड्यांची सोय करणं राज्याने प्रत्येक शहराला बंधनकारक केलं आहे आणि अशा आराखड्यावर ३० दिवसांत निर्णय मिळतो. तुमच्या परसाचा उतार मात्र त्यांतल्या कुठल्याच आराखड्यात नसतो.