दुर्बिणीची तिपाई आणि तिचा माथा

पौष महिन्यांतल्या पहाटे जालन्याहून घाणेवाडीच्या तलावाकडे जाणाऱ्यास थंडी म्हणजे काय तें नीट कळतें. निजामाच्या राजवटींत बांधलेला हा जलाशय जालना शहरास पाणी पुरवितो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हिंवाळ्यांत हिमालयापलीकडून येणाऱ्या पांखरांचाही तेथें मुक्काम असतो, ही गोष्ट ‘जालना सोने का पालना’ असें अभिमानानें सांगणाऱ्या आमच्या गांवकऱ्यांपैकीं थोड्यांच्याच लक्षांत असते. बियाणें आणि पोलाद यांच्या बाजारांतून मान वर करण्यास सवड कोणास आहे? आमच्या घरीं मात्र एका माणसानें ती सवड गेलीं तीस वर्षें न चुकतां काढली. ते आमचे थोरले काका. घरांत लहानथोर सारे त्यांस तात्या म्हणतात.

तात्या शाळामास्तर होते. आशिया खंडांतील पाणपक्ष्यांची जी गणना १९८७ सालापासून दर जानेवारींत होत आली आहे, तिच्या दिवसांत ते तलावाच्या काठीं बसून पक्षी मोजीत व वहींत आंकडे लिहीत. त्या वह्या आमच्या कपाटांत ओळीनें लावलेल्या आहेत. सलीम अली यांनीं १९३१-३२ सालीं त्या वेळच्या हैदराबाद संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि आमचा हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच संस्थानांत मोडत होता. “मागची नोंद नसेल तर आज पांखरें वाढलीं कीं घटलीं हें सांगावें कशावरून?” असें तात्या त्या पाहणीचा दाखला देऊन आम्हांस विचारीत. अशा माणसानें तीन वर्षांपूर्वीं वहींत आंकड्यांऐवजीं एकच ओळ लिहिली: ‘हात कांपतो. मोजणी विश्वसनीय नाहीं.’ घरीं आल्यावर ती वही त्यांनीं आमच्यापुढें ठेवली आणि म्हणाले, “आतां हें तूं सांभाळ.” वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उंबऱ्यांत उभ्या राहिल्या.

दोष डोळ्यांचा नव्हता. मोतीबिंदू काढल्यापासून तात्यांस आमच्याहून चांगलें दिसतें. दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असे जे आंकडे कोरलेले असतात, त्यांतला पहिला आंकडा वस्तु किती पट मोठी दिसेल तें सांगतो. परंतु दहा पटींची दुर्बीण केवळ बदकालाच दहा पट मोठें करीत नाहीं, हाताचा कंपही दहा पट मोठा करून दाखविते. दांडग्या तरुणाचा हातदेखील श्वासानें व नाडीच्या ठोक्यांनीं हालतच असतो. दुसरा आंकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें म्हणजे डोळ्याशीं येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास निघतो. ८×४२ चा सव्वापांच मिलिमीटर, १०×५० चा पांच. म्हाताऱ्या माणसाची बाहुली अंधारांतही त्याहून फारशी विस्तारत नाहीं, तेव्हां याहून थोर भिंगांवर पैसे घालविण्यांत हंशील नव्हतें. तात्यांची दुर्बीण १०×५० ची, किलोच्या आंतबाहेर वजनाची, उत्तम होती. हवा होता तो तिला टेकू.

हा टेकू देण्याची विद्या शिकावी ती शिकाऱ्यांपासून. स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांच्या मागावर जाणारे गडी लांब नळीची दुर्बीण घेऊन उताणे पडत आणि तिला गुडघ्याचा किंवा काठीचा आधार देऊन समोरची टेकडी तासन्‌तास न्याहाळीत. १९०० सालीं बोअर युद्धासाठीं लॉर्ड लोव्हॅट यांनीं अशाच गड्यांची पलटण टेहळणीकरितां उभारली. अमेरिकेंत अरिझोनाच्या बाजूस आजही शिकारी पंधरा पटींची जड दुर्बीण तिपाईवर बसवून डोंगराच्या एका कडेवर सबंध सकाळ काढतात. चालणें थोडें, पाहणें फार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, आणि तें योग्यच झालें असें आमचें मत आहे. शिकाऱ्याची बंदूक आपणांस नको. त्याची बैठक मात्र उसनी घेण्यास हरकत नसावी.

तिपाई म्हणजे तीन पाय, हें कोणासही कळतें. तिच्या माथ्याकडे, म्हणजे पाय आणि दुर्बीण यांमधल्या त्या मूठभर धातूच्या सांध्याकडे, आम्ही लक्षच दिलें नाहीं. परगांवच्या एका दुकानांत गेलों, तेव्हां तेथील गृहस्थांनीं एक सुबक बॉल हेड पुढें केला व “दहा किलो वजन पेलतो, साहेब,” असें सांगितलें. दहा किलो ऐकून आम्ही निर्धास्त झालों. हा माथा म्हणजे खोबणींत बसविलेला एक गोळा. एक मळसूत्र सैल केलें कीं गोळा चहूंकडे मोकळा, आवळलें कीं पक्का. छायाचित्रकारास तो सोयीचा. त्यास एकदां कॅमेरा रोखून कळ दाबावयाची असते. पक्षी पाहणाऱ्यास दर क्षणास दिशा बदलावी लागते. पहिल्याच सकाळीं बदकांचा एक थवा उठला; त्याच्यामागें दुर्बीण फिरवावी म्हणून तात्यांनीं मळसूत्र सैल केलें, तों दुर्बिणीचें तोंड धाडकन खालीं गेलें, मागची बाजू उसळली आणि तात्यांच्या चष्म्याची कांच तडकली. भुंवईवर थोडें रक्तही आलें. तात्या बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग रुमालानें भुंवई पुशीत म्हणाले, “चूक माझी. हातच तसला झाला आहे.”

चूक त्यांची नव्हती, हें उमजण्यास आम्हांस महिना लागला याची लाज वाटते. दहा किलो पेलतो याचा अर्थ आवळलेल्या स्थितींत पेलतो एवढाच. सैल असतां तो कसा वागेल हें त्या आंकड्यावरून मुळींच कळत नाहीं. गोळ्याच्या माथ्यावर दुर्बिणीचें वजन गोळ्याच्या वर असतें, आणि मळसूत्र सैल होतांच तें ज्या बाजूस झुकेल त्या बाजूस कोसळतें.

तीन दांड्यांचा जुना माथा यापेक्षां सुरक्षित, कारण त्यांत प्रत्येक गति निराळी बांधलेली असते. पण एक दांडी सोडा, दुसरी आवळा, या खटाटोपांत थवा केव्हांच दृष्टीआड होतो. अखेर आम्ही जो माथा घेतला त्यास दोनच गति आहेत: डावीउजवीकडे आणि वरखालीं. दोन्हींस एकच दांडी. हालणाऱ्या भागांमध्यें दाट वंगण भरलेलें असतें, त्यामुळें गति दह्यांत रवी फिरवावी तशी जड आणि सलग होते. यास बाजारांत फ्लुइड हेड म्हणतात आणि तो चलच्चित्र घेणाऱ्यांसाठीं केलेला असतो. मोठ्या कॅमेऱ्यांसाठीं केलेले असले माथे दोन-तीन किलोंचे असतात, ते दुर्बिणीस नकोत. अर्ध्या-पाऊण किलोचा लहान माथा पुरे. मात्र नांवास भुलूं नये. फ्लुइड म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त माथ्यांत वंगणाचा प्रताप नसून नुसत्या चकत्यांचें घर्षण असतें.

पारख दुकानांतच करावी, आणि आपली स्वतःची दुर्बीण बरोबर न्यावी. ती माथ्यावर चढवून रस्त्यापलीकडची एखादी पाटी पाहावी. दांडीस एका बोटानें हळूच ढकलावें: पाटीवरचीं अक्षरें गचका न खातां सरकलीं पाहिजेत. मग बोट काढून घ्यावें. अक्षरें जेथें थांबलीं तेथेंच राहिलीं तर माथा चांगला. रबर ताणून सोडल्यासारखीं मागें आलीं, किंवा दुर्बीण आपोआप मान खालीं घालूं लागली, तर तो माथा परत द्यावा. आमच्या दृष्टीनें सारें मर्म या बोट काढण्यांत आहे. कांपणारा हात दांडीवर असेतों चित्र कांपणारच. परंतु रोख धरून हात मांडीवर ठेवला, आणि माथा जागचा हालला नाहीं, कीं दुर्बिणीस कंपाचा स्पर्शच उरत नाहीं. दोन्ही गतींचा ताण निरनिराळा कमीजास्त करतां यावा, हेंही पाहून घ्यावें. वरखालींचा ताण दुर्बीण जेमतेम सांवरेल इतकाच ठेवावा. फार आवळला तर गति पुन्हां गचके खाते.

दुर्बीण तिपाईस जोडण्याची युक्ति पुष्कळांस ठाऊक नसते. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या पुढल्या बिजागरीवर एक लहानसें टोपण असतें. तें फिरवून काढलें कीं आंत पाव इंचाचें, इंचास वीस आटे असलेलें छिद्र दिसतें. त्यांत काटकोनी पट्टी बसवावी व ती पट्टी माथ्यावर चढवावी. तात्यांनीं तें टोपण तीस वर्षांत कधीं उघडलें नव्हतें; तें शोभेचें आहे अशी त्यांची समजूत होती, आणि खरें सांगावयाचें तर आमचीही. माथा आणि पाय यांच्या जोडास मात्र बहुधा तीन अष्टमांश इंचाचें मळसूत्र असतें, तेव्हां दोन ठिकाणांहून दोन वस्तु घेणाऱ्यानें हें आधीं पाहावें.

दोन गतींच्या माथ्यास बाजूस कलण्याची सोय नसते, म्हणून पाय लहानमोठे करून बैठक पाणसळीनें सपाट करावी लागते. नाहीं तर दुर्बीण फिरवितां फिरवितां क्षितिज तिरपें होत जातें. मधला खांब वर काढूं नये. तो काढला कीं तिपाईची एकपाई होते. उलट पाय आंखूड ठेवून आपण बुटक्या स्टुलावर बसावें आणि मध्यें पिशवी टांगावी, म्हणजे तलावावरच्या वाऱ्यास जोर करतां येत नाहीं. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ माथ्याच्या सांध्यांत शिरते, ती घरीं आल्यावर कोरड्या ब्रशानें झाडावी; तेल मात्र घालूं नये.

मोजण्याची रीतही आम्ही शिकाऱ्यांचीच घेतली. डाव्या तीरापासून आरंभ करावा. दुर्बीण स्थिर ठेवून तेवढ्या वर्तुळांत डोळा फिरवावा, मनांत दहा आंकडे मोजावे, मग पाऊण वर्तुळ उजवीकडे सरकावें. दहा पटींच्या साधारण दुर्बिणींत हजार मीटरांवर सुमारें शंभर मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. काठ संपला कीं किंचित खालीं उतरून परत यावें. या रीतीनें पाण्याच्या कडेस चिखलाच्या रंगांत लपलेले पक्षी दिसूं लागतात, जे भिरभिर पाहणाऱ्यास जन्मांत दिसत नाहींत.

तिपाई घरीं आली ती एकट्या तात्यांची राहिली नाहीं. गच्चीवर मुलांनीं तिच्यावरून गुरूचे चार चंद्र पाहिले, जे १६१० सालीं गॅलिलिओस दिसले होते. पाहण्यासाठीं लागलेली रांग वहिनींना दटावून मोडावी लागली, आणि मग त्या स्वतः अर्धा तास तेथें बसल्या. गेल्या फाल्गुनांत जिल्ह्यांतल्या एका माळावर आम्ही काळविटांचा कळप पाहिला. माळाचें नांव मुद्दाम देत नाहीं, कारण नांव छापलें कीं मोटारी येतात. कळप पाऊण मैलावर होता आणि आम्ही बसलों आहों याची त्यास वार्ताही नव्हती. ज्यांचा हरभरा हींच हरणें आणि रोही खाऊन जातात, त्या शेतकऱ्यास हा कौतुकाचा विषय वाटत नाहीं, हेंही तेथें ऐकावयास मिळालें. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें.

यंदाच्या जानेवारींत तात्या पुन्हां घाणेवाडीस आले. तिपाई आम्ही लावली, पाणसळ त्यांनीं स्वतः पाहिली. चक्रवाकांचा थवा पलीकडच्या काठीं उन्हांत बसला होता. तात्यांनीं दांडीनें रोख धरला, हात काढून घेऊन शालींत घातले, आणि ओठांत मोजूं लागले. एकशें बारा झाले. पुन्हां मोजले, एकशें चौदा. तिसऱ्यांदाही एकशें चौदाच भरले. वही आम्ही लिहावी म्हणून पुढें झालों, तर त्यांनीं पेन्सिल काढून घेतली. अक्षर वेडेंवांकडें आलें. मग पाण्याच्या मध्यभागीं काळे ठिपके पसरले होते, त्यांच्याकडे बोट करून ते म्हणाले, “वारकरी तूं मोज. ते फार आहेत.”