मुळशीत टिकेल असा डोझर

मुळशी तालुक्यात पोकलेनला तोटा नाही. तळेगावला जेसीबीचा कारखाना आहे, चाकणला ह्युंदाईचा. यंत्र अडलं तर माणूस लवकर येतो आणि सुटा भागही मिळतो. डोझरचं तसं नाही. तालुक्यात डोझर मोजकेच, ते उघडून दुरुस्त करणारे मिस्त्री त्याहून कमी. त्यामुळे डोझर घेणारा ठेकेदार पुढच्या दहा वर्षांचा विचार करून घेतो. आमचा जुना डोझर आता थकलाय आणि पावसाळा संपला की दुसरा घ्यायचाय. कुठला घ्यावा, याचं उत्तर मला माहितीपत्रकापेक्षा मे महिन्यातल्या कामाच्या दिवसात जास्त नीट मिळतं. असाच हा एक दिवस.

पहाटे 5.45, कोळवण खोरं

यंत्र रात्रभर साइटवरच उभं असतं. ऑपरेटर मामा आधी इंजिन ऑइल आणि कूलंट बघतात, मग गुडघ्यावर बसून चेनखाली शिरतात. रोलरच्या सीलमधून तेल पाझरतंय का, शूचा एखादा बोल्ट ढिला झालाय का, आयडलर आणि स्प्रॉकेटमध्ये रात्री वाळलेला चिखल अडकलाय का, हे सगळं हाताने चाचपून पाहतात. चेनवर सरळ पट्टी ठेवून झोळ मोजतात. चेन फार ताठ असेल तर पिन आणि बुश एकमेकांना खातात, फार ढिली असेल तर वळताना उतरते.

बैल घेणारा शेतकरी शिंगांच्या रंगाआधी खूर आणि दात बघतो, डोझरही तसाच खालून वर बघत जावा. डोझरच्या देखभालीचा जवळपास निम्मा खर्च चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट यांच्यावर होतो. दोन यंत्रांच्या किमतीत थोडा फरक असला तर तो आपण विसरून जातो. चेन दोन हजार तास आधी संपली, तर ते मात्र विसरता येत नाही.

7.00, मुरमात रिपर

डोंगरउतारावर रस्त्याची बाजू कापायची आहे. वर हातभर तांबडी माती, खाली मुरूम, त्याखाली सह्याद्रीचा काळा कातळ. पहिलं काम म्हणजे वरची माती वेगळी सरकवून ढीग लावणं. काम झाल्यावर तीच उतारावर पसरायची, म्हणजे गवत धरतं. मुरुमाच्या ढिगाखाली ती एकदा गाडली की उतार उघडा पडतो आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात जातो. ताम्हिणीकडून येणारा पाऊस आमच्याकडे कुणाला सवलत देत नाही.

मुरूम सुटायला रिपर लागतो. इथे वजनाला किंमत आहे. बीईएमएलच्या बीडी 50 सारखा दहा-बारा टनांचा डोझर रिपर खाली टाकतो खरा, पण पक्का मुरूम लागला की चेन जागच्या जागी घसरते आणि शू झिजतात. बीडी 155 च्या वर्गाचं धूड हे काम हसत करेल, पण गावच्या रस्त्याने ते इथवर आणायचं कसं? सतरा ते वीस टनांचा, 160 ते 200 अश्वशक्तीचा डोझर इथे नेमका बसतो. अखंड कातळाला मात्र या वर्गातला कुठलाच रिपर पुरा पडत नाही. तिथे पोकलेनला ब्रेकर लावायचा आणि डोझरने फुटलेला दगड ढकलायचा.

9.30, ढकलायची रीत

मामा उतारावरून खाली ढकलतात, तेही एकाच चरातून. दोन्ही बाजूंना मातीची भिंत उभी राहते, ब्लेडच्या कडेने माल सांडत नाही आणि प्रत्येक फेरीत जास्त माल जातो. मागे येताना ते वेग आवरतात. स्प्रॉकेटचे दात आणि बुश यांची सगळ्यात जास्त झीज भरधाव रिव्हर्समध्ये होते. मालकाला मीटरवर तास दिसतात, पण रिव्हर्स कसा मारला हे मीटर सांगत नाही.

ढकलण्याचं अंतर नव्वद-शंभर मीटरच्या पुढे गेलं की डोझरचं डिझेल फुकट जाळायचं नाही, माल भरून डंपरने न्यायचा. आमचं यंत्र अशा कामात ताशी 15 ते 20 लिटर डिझेल पितं आणि पुण्यात डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास आहे. नुसतं इंजिन चालू ठेवून गप्पा मारल्या तरी पैसे जातात.

12.00, मुठा खोऱ्यातलं खाचर

ट्रेलरवरून यंत्र उतरलं ते भाताच्या खाचरात. पावसाने फुटलेला बांध पुन्हा घालायचा आणि दोन लहान खाचरं एका पातळीत आणायची. शेताचे मालक वयस्कर आहेत. त्यांनी मामांना एवढंच सांगितलं, "वरचा काळा थर खाली घालू नका भाऊ, आंबेमोहर त्याच्यावरच येतो."

सकाळी ज्या यंत्राने मुरूम फोडला, त्याच यंत्राने इथे बोटभर उंची सांभाळायची आहे. म्हणून ब्लेडची निवड महत्त्वाची. सरळ किंवा अर्धवट वळणाचं जड ब्लेड दगडात जास्त टिकतं आणि एका फेरीत जास्त माल नेतं. सीटवरूनच तिरपं, आडवं आणि कोनात फिरणारं ब्लेड बांध घालायला, चर भरायला, रस्त्याला ढाळ द्यायला फार सोयीचं. त्याचे सांधे जास्त, म्हणून धक्का सोसायची ताकद थोडी कमी. आमच्या तालुक्यात कातळ ब्रेकर फोडतो, डोझरच्या वाट्याला माती आणि मुरूम येतो. त्यामुळे माझा कौल फिरत्या ब्लेडला. खाणीत काम असतं, तर उलटं ठरवलं असतं.

शूच्या रुंदीचंही असंच. रुंद शू चिखलात तरंगतो, पण दगडावर चढला की कडेला वाकतो आणि पिनवर पीळ येतो. काम भागेल इतकाच रुंद शू घ्यावा, हा जुना नियम इथे खरा ठरतो. पाऊस लागल्यावर खाचरात यंत्र घालायचं नाही, हे एकदा ठरवलं की रुंद शूची गरज उरत नाही. जमिनीचाही त्यात फायदा, कारण ओल्या खाचरात डोझर फिरला की खालची माती दबून घट्ट होते.

2.30, जेवण आणि रेडिएटर

बाभळीच्या सावलीत डबे उघडले. इंजिन लगेच बंद करत नाहीत, टर्बो थंड व्हायला थोडा वेळ मंद चालू ठेवतात. मेच्या धुळीत एअर फिल्टर आणि रेडिएटरच्या जाळ्या दुपारी झाडाव्याच लागतात. नवं यंत्र पाहायला गेल्यावर मी सांगतो, "जाळी उघडून दाखवा." हेल्परला पाना न शोधता ती उघडता आली तरच ती रोज साफ होते.

4.00, पिरंगुटच्या पुढचं यार्ड

इथे एक वापरलेला डोझर विक्रीला आहे. रंग ताजा, सीट नवी. मामांनी स्प्रॉकेटच्या दातात जुनी पिन अडकवून यंत्र जरासं मागे घ्यायला लावलं. वरची चेन ताणली गेली, मग चार कड्यांवर टेप धरून लांबी मोजली. नव्या चेनचं माप त्यांना पाठ आहे. ही बरीच लांबलेली होती. फायनल ड्राइव्हचा प्लग काढला, तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं, त्यात चकाकणारा चुरा दिसला. इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर धूर दमादमाने बाहेर येत होता. अवर मीटरवरचा आकडा आम्ही वाचलाच नाही.

5.30, ट्रेलर

परतीच्या वाटेवर आमचं यंत्र पुढच्या गावाला न्यायचंय. अरुंद मोऱ्या, घाटाची वळणं, रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. वीस टनांचं यंत्र आणि त्याखाली ट्रेलरचं वजन, एवढा भार प्रत्येक जुना पूल पेलेलच असं नाही. ब्लेड कोनात वळवता आलं तर वाहतुकीची रुंदी कमी होते, हाही फिरत्या ब्लेडचा एक गुण. पश्चिम रिंगरोड मुळशीतून जातोय, तिथे भराव थराथरात पसरवून रोलरने दाबायचा असतो. एकसारखा थर देणाऱ्या यंत्राला अशा ठिकाणी काम मिळत राहतं.

8.00, हिशेब

जेवणानंतर लॉगबुक आणि डिझेलची पावती समोर ठेवून मी आणि मामा बोलतो. बीईएमएलचे डोझर कोलार गोल्ड फील्ड्सला बनतात. त्यांच्या जुन्या मॉडेलांची घडण कोमात्सूच्या सहकार्यातून आलेली, म्हणून ती उघडलेले मिस्त्री महाराष्ट्रात सापडतात. कोमात्सूचा डी 65, कॅटरपिलरचा डी 6, शांतुईचा एसडी 16 हे सगळे सतरा ते वीस टनांच्या आसपासच्या वर्गातले, आणि बीईएमएल धरून चारही नावं आमच्या यादीत आहेत. हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हचं यंत्र वळताना दोन्ही चेनवर ताकद ठेवतं, खाचरात लोण्यासारखं चालतं, पण त्याला स्वच्छ तेल आणि जाणता माणूस लागतो. टॉर्क कन्व्हर्टर डिझेल थोडं जास्त खातो, पण त्याचा गिअर बॉक्स उघडणारे हात पुण्यात आहेत. आमच्यासाठी दुसरा बरा. जूनच्या तोंडावर चार दिवस बंद पडलेलं यंत्र म्हणजे अर्धवट कापलेला उतार आणि त्यावर कोसळणारा पाऊस.

1921 साली सेनापती बापटांच्या बरोबर इथले शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले. त्या तालुक्यात आज आम्ही यंत्राने जमीन हलवतो, तेव्हा हवी तेवढीच कापून थांबता येईल असं यंत्र आणि असा ऑपरेटर ठेवणं हे आमचं काम आहे. डोंगर एकदा जास्त कापला की परत जोडता येत नाही.

उद्या विक्रेत्यांना फोन करायचेत. अठरा टनांच्या आसपास वजन, फिरतं ब्लेड, तीन दातांचा रिपर, साधा शू, आणि पौडला त्याच दिवशी पोचणारा मिस्त्री एवढं लेखी मागायचं. डेमो यार्डात नको. सकाळी मुरमात आणि दुपारी खाचरात द्या, आणि सीटवर मामा बसतील.