ऋतू आणि राबणारा : जुन्या चिनी कवितेतील शेतकरी

ऋतुवर्णन म्हणजे निसर्गाचे सौंदर्यचित्र, अशी समजूत काव्यविचारात रूढ आहे. जुनी चिनी शेतीकविता वाचताना मला ही समजूत अपुरी वाटते. या कवितेत ऋतू ओळखू येतो तो कामावरून, आणि पुष्कळदा कामापाठोपाठ वसुलीवाला दारात उभा असतो.

'शी-चिंग' हा चीनमधील सर्वांत जुना काव्यसंग्रह. त्यातील कविता साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या ११व्या ते ७व्या शतकांतल्या. त्यातल्या 'सातवा महिना' या दीर्घ कवितेत वर्षभराची कामे महिन्यांच्या हिशेबाने येतात : नांगरट, तुतीची पाने तोडणे, विणकाम, कापणी, घर शाकारणे, बर्फ फोडून साठवणे. ही कामे कोणासाठी, तेही कविता सांगते. कोल्ह्याच्या कातड्याचा अंगरखा धन्याच्या मुलासाठी. शिकारीतले मोठे रानडुक्कर धन्याचे, लहान पिल्लू शिकाऱ्याचे. म्हणजे ऋतूंच्या या पहिल्या मोठ्या कवितेतच श्रमाची वाटणी नोंदलेली आहे.

तांग राजवटीत इ. स. ७८० मध्ये नवी करपद्धती आली. कर वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि शरदात, म्हणजे पीक हाती येताच वसूल होऊ लागला. ऋतूचे चक्र आणि वसुलीचे चक्र असे एकमेकांत गुंतले. ८०७ मध्ये पो च्यू-यी या कवीने गव्हाच्या कापणीवर कविता लिहिली. तो तेव्हा एका तालुक्याच्या ठिकाणी अधिकारी होता. भर उन्हात कापणी चालली आहे आणि कडेवर मूल घेतलेली एक गरीब बाई पडलेल्या लोंब्या वेचते आहे. तिच्या घरचे शेत करापायी गेले आहे. आपण न राबता धान्याचा पगार खातो, याची कवीला लाज वाटते.

सुंग काळातील फान छंग-ता (११२६–११९३) याने ही परंपरा पुढे नेली. ११८६ मध्ये सूचौजवळच्या 'शिळासरोवरा'काठी राहत असताना त्याने शेतीजीवनावर ६० चौओळी कविता लिहिल्या. त्यांचे गट पाच : वसंत, उत्तरवसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा. प्रत्येक गटात १२ कविता. त्यांत आनंदही आहे. मोठ्यांचे पाहून तुतीच्या सावलीत वेल लावायला शिकणारी मुले आहेत, रात्रभर चाललेली मळणी आणि तिच्यासोबतचे गाणे आहे. पण त्याच मालिकेत शिंगाडे काढणाऱ्याची रक्ताळलेली बोटे आहेत. जमीन घेण्याची ऐपत नाही म्हणून तो पाण्यात पीक घेतो, तर आता पाण्यावरही आकारणी बसली आहे. हिवाळ्याच्या गटात राजाचा माफीचा कागद एका रंगाचा आणि वसुलीचा तगादा दुसऱ्या रंगाच्या कागदावर. माफी जाहीर होते आणि वसुली चालूच राहते. वसुलीवरच्या त्याच्या आणखी एका कवितेत कर भागवण्यासाठी घरातील मुली एकामागून एक विकल्या जातात.

येथे एक प्रश्न मला टाळता येत नाही. फान हा राज्याच्या सर्वोच्च मंत्र्यांच्या पंक्तीत बसलेला माणूस. ११७० मध्ये तो चिन राज्याच्या दरबारी वकील म्हणून गेला होता. त्याची सहानुभूती खरी आहे, पण बोटे दुसऱ्याची आहेत. अभिजात भाषा आणि परीक्षा यांच्या वाटेने जो वर गेला, त्याच्याच हाती लेखणी होती. शिंगाडे काढणारा स्वतः काय बोलला असता, हे या ६० कवितांत सापडत नाही.

म्हणून या कविता टाकाऊ ठरत नाहीत. वसुलीच्या यंत्रणेतूनच आलेल्या माणसाने त्या यंत्रणेविरुद्ध दिलेली ती साक्ष आहे, आणि तिचे मोल मोठे आहे. मात्र साक्षीदाराची वेदना आणि भोगणाऱ्याची वेदना एक नव्हे. पो च्यू-यीची लाज मला महत्त्वाची वाटते ती यासाठीच. आपण बांधावर उभे आहोत आणि ती बाई शेतात वाकलेली आहे, एवढे अंतर त्याने आपल्या कवितेत लपवले नाही.